‘हस्तकला’ या पाटीखाली कोण बसते?

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

महोदय,

मी सावंतवाडीची. घरात लेथवर माझे पती बसतात आणि त्यांनी कातून दिलेली लाकडी फळे मी रंगवते. गेल्या डिसेंबरात आम्ही जिल्ह्याबाहेरच्या एका तालुक्याच्या गावी तीन दिवसांच्या कला-हस्तकला प्रदर्शनात गाळा घेतला होता. तिथे जे पाहिले, त्यावरून एकच मागणी घेऊन हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. सार्वजनिक जागेवर किंवा सरकारी अनुदानातून जे प्रदर्शन भरते, तिथे ‘हस्तकला’ या पाटीखाली बसण्याचा पहिला हक्क ती वस्तू हाताने घडवणाऱ्याचा असावा आणि तसा नियम शासनाने लेखी करावा.

आधी फळांविषयी थोडे सांगते, कारण पुढचा सारा हिशेब त्यावरच उभा आहे. आमची फळे पांगाऱ्याची असतात. पांगारा हलका आणि पटाशीला मऊ असतो. पूर्वी बांधावर, मिरवेलीला आधार म्हणून तो सहज सापडे, आता मात्र विचारत फिरावे लागते. ओला ओंडका तसाच ठेवला तर कीड लागते, म्हणून तोडल्याबरोबर तुकडे करून तो सुकत घालावा लागतो. आंबा, पेरू, चिकू लेथवर निघतात. केळे मात्र वाकडे असल्यामुळे लेथवर होत नाही, ते पटाशीने हातानेच काढावे लागते, आणि गिऱ्हाईक नेमके तेच सर्वांत स्वस्त समजते. त्यानंतर घोटणे, अस्तराचा हात, पुन्हा घोटणे आणि मग रंग. आंब्याच्या देठाजवळचा तांबूस रंग खालच्या पिवळ्यात विरत गेला पाहिजे, आणि त्यासाठी वरचा हात खालचा रंग पुरता सुकण्याआधीच द्यावा लागतो. तो क्षण चुकला की आंबा डाग पडल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात तर आमच्याकडची हवा इतकी दमट असते की रंगाचा चिकटपणा दोन-दोन दिवस जात नाही, त्यामुळे बहुतेक माल दसऱ्यानंतरच तयार होतो. बारा फळांची एक परडी म्हणजे आम्हा दोघांचे मिळून सुमारे दीड दिवसाचे काम, आणि तिची किंमत आम्ही ९०० रुपये ठेवतो.

त्या प्रदर्शनात आमच्या शेजारच्या गाळ्यात साच्यातून काढलेल्या फळांची परडी २५० रुपयांना होती आणि दोन्ही गाळ्यांवर संयोजकांनी लावलेली पाटी एकच होती, ‘हस्तकला’. दुपारी एक बाई आल्या. त्यांनी आमचा आंबा हातात घेतला, रंग निघतो का ते नखाने खरवडून पाहिले, मग शेजारचा आंबा घेऊन तोही खरवडला आणि “दोन्ही हाताचेच ना, मग तुमचा एवढा महाग का?” असे विचारले. त्यांचे काही चुकले नाही. पाटीवर जे लिहिले होते तेच त्या वाचत होत्या. मी पांगाऱ्यापासून सांगायला सुरुवात केली, पण तोवर मागच्या रांगेतली माणसे पुढे सरकली होती.

शेजारच्या दुकानदाराशी माझे भांडण नाही, हे इथेच स्पष्ट करते. पहिल्या संध्याकाळी आमचा दिवा लागेना तेव्हा त्यांनी आपल्या गाळ्यातून वायर ओढून दिली, सुट्टे पैसेही दिले. तेही पोटासाठीच गावोगाव फिरतात. त्यांना बसायला जागा असावी, फक्त ती दुसऱ्या पाटीखाली असावी.

तीन दिवसांत आमच्या अकरा परड्या गेल्या, म्हणजे ९,९०० रुपये आले. गाळ्याचे भाडे ६,००० आणि विजेचे ५०० होते. उरलेल्या ३,४०० रुपयांत दोघांचे जाणे-येणे, टेम्पो, राहणे, जेवण आणि लाकूड-रंगाचा खर्च भागवायचा होता, आणि त्या अकरा परड्यांमागे साडेसोळा दिवसांचे काम होते. संयोजकांच्या दृष्टीने प्रत्येक गाळा आठ बाय आठ फुटांचाच, म्हणून भाडेही सारखेच. पण घाऊक माल आणणाऱ्याचा साठा संपला तर तो फोनवरून दुसऱ्या दिवशी आणखी खोकी मागवतो. आमचा साठा संपला तर पुढच्या महिन्यापर्यंत गाळा रिकामा.

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग याहून विचार करायला लावणारा आहे. व्यवस्थेतले एक गृहस्थ आले आणि आम्ही फळांबरोबर मांडलेल्या भातुकलीवर व भोवऱ्यांवर आयएसआय चिन्ह नाही, म्हणून त्या वस्तू काढून ठेवा, असे म्हणाले. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते चिन्ह सक्तीचे झाले, हे खरे आहे. पण केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंदणी झालेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्याच आदेशात दुरुस्ती करून सूट दिलेली आहे. माझ्याकडे त्या कार्यालयाचे ‘पहचान’ ओळखपत्र होते, मी ते पिशवीतून काढून दाखवले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि हे कशाचे कार्ड, असे विचारले. तासाभराने, दोन फोन झाल्यावर, भातुकली परत मांडायला परवानगी मिळाली. रविवारचा तो तास होता, मुले घेऊन लोक येतात तो.

कारागिरासाठी सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणारे आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, ५ टक्के व्याजाने कर्ज आहे. पण ही बरीचशी मदत वस्तू तयार होईपर्यंतची आहे. ती वस्तू घेऊन आम्ही तालुक्याच्या मैदानावर जातो, तिथे ना ओळखपत्राला किंमत आहे ना नियमाची माहिती.

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या तेव्हा महाराष्ट्रात केवढा संताप झाला, आणि तो योग्यच होता, कारण कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातली वस्तू म्हणून तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. त्याच कोल्हापुरीच्या नावाने रेक्झिनच्या चपला आपल्याच प्रदर्शनांत, हस्तकलेच्या पाटीखाली खुशाल विकल्या जातात. मिलान लांब आहे, हे मैदान तर आपल्याच हातात आहे.

यासाठी नवे काही शोधून काढावे लागणार नाही. दिल्ली हाट हा राजधानीतला हस्तकलेचा बाजार १९९४ मध्ये सुरू झाला. तिथे नोंदणीकृत कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी, आळीपाळीने गाळे मिळतात. तेवढी मोठी व्यवस्था प्रत्येक तालुक्याला जमणार नाही, हे मलाही कळते. पण प्रदर्शनासाठी नगरपरिषदेचे मैदान देताना किंवा अनुदान मंजूर करताना शासनाने संयोजकांना काही अटी घालाव्यात. हस्तकलेची रांग वेगळी असावी आणि तिच्यात ओळखपत्र असलेल्या कारागिरांना आधी जागा मिळावी. ज्यांच्याकडे कार्ड नाही, आणि खेड्यांत असे चांगले कारागीर पुष्कळ आहेत, त्यांनी समोर बसून अर्धा तास काम करून दाखवावे. कार्ड उसने आणता येते, पटाशी धरलेला हात आणता येत नाही. या रांगेतल्या गाळ्याचे भाडे ठोक न घेता विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी घ्यावे, म्हणजे ज्याचे दोन दिवस भवानीही होत नाही त्याला घरून पैसे घालावे लागणार नाहीत. आणि खेळण्यांविषयीच्या सवलतीचे एक पान प्रत्येक संयोजकाच्या हाती द्यावे.

येत्या हंगामाच्या प्रदर्शनाचा अर्ज याच आठवड्यात आमच्याकडे आला आहे. त्यात नाव, पत्ता, मोबाइल, गाळ्याचा आकार आणि अनामत रक्कम असे रकाने आहेत. ‘वस्तू कोण बनवते?’ असा रकाना नाही. अनामत भरण्याआधी मी त्या अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो रकाना हाताने आखून, भरून पाठवणार आहे. पुढच्या वर्षी तो छापील यावा, एवढी व्यवस्था आपण करावी.

आपली नम्र,
सावंतवाडीची एक खेळणी-कारागीर