मंत्रिमहोदय, आमच्या रानातलं पाणी बाहेर काढा

प्रति,
मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा दुष्काळी माण-खटावला लागू पडते, याबद्दल वाद नाही. पण शिरोळ-वाळव्याच्या नदीकाठावर ती भिंतीवर रंगवलेली दिसली की हसू येतं. इथं पाणी इतकं जिरलंय की आता ते वर यायला लागलंय. कृष्णा-वारणेच्या काठची हजारो हेक्टर काळी जमीन क्षारपड, म्हणजे क्षार साचून नापीक, झाली आहे आणि हे संकट दुष्काळाचं नाही, सुबत्तेचं आहे. म्हणूनच त्याची ओरड होत नाही.

एप्रिलात ऊस तुटून गेलेल्या अशा एखाद्या रानात खालच्या अंगाला या. ढेकळांवर पांढरा थर फुटलेला दिसेल, चपलेखाली कुरकुरणारा. पहारीनं तीन-चार फूट खड्डा घ्या, थोड्या वेळात तळाला पाणी साचतं. उन्हानं हेच पाणी वर ओढलं जातं. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. अशा रानात उसाची उगवण तुरळक होते, उगवलेल्याची टोकं करपतात. मग कुणीतरी सांगतं खत कमी पडलं, आणि आणखी दोन पोती पडतात.

चांगल्या जमिनीत साधारण 45 टक्के खनिजं, 5 टक्के सेंद्रिय पदार्थ आणि उरलेली निम्मी जागा पोकळ्यांची असते. त्यातल्या निम्म्यात पाणी, निम्म्यात हवा असली की आम्ही म्हणतो रान वाफशावर आहे. आमची माती बेसाल्ट झिजून झालेली, चिकणमातीनं भरलेली. भिजली की फुगते. निचरा मुळातच मंद. तिला उपशाच्या पाण्यानं सरी भरभरून पाजलं की हवेची जागा पाणीच घेतं. शिवाय नदीचं पाणी गोडं असलं तरी त्यात क्षार असतातच. उसाला वर्षाकाठी 250 सेंटिमीटर पाणी दिलं, तर हेक्टरी अडीच कोटी लिटर होतं. लिटरमागे नुसते 0.3 ग्रॅम क्षार धरले, तरी वर्षाला साडेसात टन. निचरा नसेल तर ते जाणार कुठं?

2015 पासून माती तपासून सरकारकडून मृद आरोग्य पत्रिका मिळते. तीत सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा) आहे, क्षारता आहे, सेंद्रिय कर्ब आहे, सगळं मिळून 12 घटक. पण बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचा असं ठरलं, तेव्हा माझ्या रानाचा पांढरा कोपरा शेजाऱ्याच्या चांगल्या मातीत मिसळून गेला. नमुनाही वरच्या वीतभर थरातला. भूजल किती फुटांवर आलंय, निचरा होतो की नाही, याला पत्रिकेत रकानाच नाही. मग सल्ला मिळतो जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) टाका. जमीन चोपण असेल, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असेल, तर जिप्सम तो सोडवतं हे खरं. पण सुटलेला सोडियम धुऊन जायला वाट नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यात. आणि जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर जिप्समची गरजच नाही, तिला निचरा हवा.

उपाय माहीत नाही असंही नाही. जमिनीखाली चार-पाच फुटांवर सच्छिद्र पाइप टाकायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि पाणी ओढ्यात सोडायचं. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र आणून हे मोठ्या क्षेत्रावर करून दाखवलं, तिथं पुन्हा ऊस उभा राहिला. अडचण एवढीच की हे एकट्याचं काम नाही. मोठा पाइप चार जणांच्या बांधाखालून जातो, त्यातला एक 'नाही' म्हणाला की काम थांबतं. ओढा तर बऱ्याच ठिकाणी मुजवून त्यावर ऊस लावलेला असतो. तो कुणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, बोलत कुणी नाही.

म्हणून मागणी अशी की मुख्य निचरा पाइप आणि ओढा हे रस्त्यासारखं सार्वजनिक काम धरा. शेतातले पाइप आम्ही टाकू, अनुदान मिळालं तर लवकर टाकू. गावोगावी भूजलपातळी मोजणाऱ्या नळ्या बसवा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ओढ्यातून नदीत जाणाऱ्या क्षारांचीही तपासणी ठेवा, खाली कुणीतरी तेच पाणी पितं. उसाला ठिबक सक्तीचा निर्णय मंत्रिमंडळानं 2017 मध्ये घेतला होता. त्याचं काय झालं ते जलसंपदा खात्याला विचारा. पाणी देणारे एक, माती तपासणारे दुसरे आणि निस्तरायचं शेतकऱ्यानं, हे किती दिवस चालायचं?

एक व्यवहाराची गोष्ट. पाइप टाकायला रान मोकळं लागतं, म्हणजे ऊस तुटल्यापासून पाऊस पडेपर्यंतचे दोन-तीन महिनेच हाताशी असतात. मंजुरी नेहमीसारखी मार्चअखेरीस निघाली, तर निविदा होईपर्यंत मिरगाचा पाऊस येईल आणि चर पाण्यानं भरतील. कागद दिवाळीआधी हलवावेत, ही विनंती.

आपला,
कृष्णाकाठचा एक ऊस उत्पादक