उठून जा, पण वेळ सांगून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

"लहानपणी मन मारायला शिकलो, म्हणून आता बायकोशी अबोला धरतो का?" असं तू विचारलंस. काही अंशी हो. पण स्वतःवर शिक्का मारून घेऊ नकोस. लहानपणीचा साचा पुढच्या नात्यांत बदलू शकतो.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचा अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा प्रयोग बघ. वर्षभराचं बाळ, अनोळखी खोली, वीसेक मिनिटं. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. बाळ रडतं का, याकडेच सगळे बघतात. खरी गोम ती परतल्यावर कळते. एक बाळ झेपावतं, शांत होतं, पुन्हा खेळायला लागतं. दुसरं कडेवर चढून तिलाच लाथा झाडतं, लवकर निवत नाही. तिसरं तिच्याकडे बघतच नाही, खेळण्यात गुंग. किती शहाणं बाळ, असं कुणीही म्हणेल! पण पुढे अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले. (एक चौथा, गोंधळलेला प्रकारही आहे, तो वेगळा विषय.) 1987 मध्ये हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी हेच तीन प्रकार मोठ्यांच्या प्रेमात तपासले.

त्या तिसऱ्या बाळासारखाच तूही गप्प बसतोस तेव्हा आतून शांत नसतोसच. बायकोला मात्र नुसती पाठ दिसते, मग ती आवाज चढवते, तू आणखी आक्रसतोस.

तेव्हा उठून जायचंच असेल तर वेळ सांगून जा: "आत्ता डोकं तापलंय, साडेनऊला बोलू." अंग निवायला निदान वीस मिनिटं लागतात. त्या वेळात मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसलास तर अर्धा तासही फुकट. चाल, भांडी घास. तिनेही तेवढ्यात मेसेजचा मारा करायचा नाही, हे भांडण नसताना ठरवून घ्या.

बिघडतं ते पुढे. बरं वाटलं की तू विषय गुंडाळतोस. म्हणून साडेनऊला पहिलं वाक्य तुझं, आणि ते खुलाशाचं नको. "मी निघून गेलो तेव्हा तुला काय वाटलं?" एवढं विचार आणि तिचं पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नकोस. पहिल्या खेपेला ती चिडूनच उत्तर देईल. वेळ पाळली जाते यावर तिचा विश्वास बसायला बरेच दिवस लागतील, तोवर एकदाही चुकवू नकोस.

तुझाच,
मित्र