क्रॉयडन की ॲबर्डीन?

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवरचं आपलं भांडण अर्धवट राहिलं. बाबा, कानातल्या मशीनमधून तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं ते तुम्ही मनावर घेत नाही. म्हणून लिहिते. लिहिलेलं तरी मधेच तोडता येणार नाही.

विषय तोच, निळ्या खोक्यातून काळ-अवकाशात फिरणाऱ्या डॉक्टरची टीव्ही मालिका. तुमचं म्हणणं असं, की १९८९ साली बंद पडला तो खरा ‘डॉक्टर हू’, आणि २००५ पासून आमच्या कार्डिफमध्ये बनतोय तो त्याच्या नावावर फिरणारा रडका तोतया. मग मीही नेहमीसारखी प्लास्टिकवर घसरले. १९७५ च्या ‘द आर्क इन स्पेस’मध्ये माणसाचा किडा होताना दाखवायचा म्हणून हाताला बुडबुड्यांचं पॅकिंगचं प्लास्टिक गुंडाळून त्यावर हिरवा रंग फासलाय, हे तुम्हाला किती वर्षं ऐकवतेय! ते मागे घेते. परवा मीराने तो भाग पाहिला. प्लास्टिक तिने लगेच ओळखलं, फिस्सकन हसली, पण तो माणूस आपला हात खिशात लपवून ठेवतो तिथे एकदम गप्प झाली. पुढच्या वेळी लपलेला हात बाहेर आला तेव्हा ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. म्हणजे तो मुद्दा तुमचा.

संगीताचाही तुमचाच. १९६३ साली डेलिया डर्बीशायर बाईंनी टेपचे तुकडे कापून, जोडून रॉन ग्रेनरच्या चालीतून मालिकेचं जे शीर्षकसंगीत घडवलं, ते आजही ऐकताना अंगावर काटा येतो. आणि त्या निळ्या खोक्याचा घरघराट म्हणजे मोडक्या पियानोच्या तारेवर घासलेली किल्ली. नव्यात अख्खा वाद्यवृंद पात्रांच्या बोलण्यावर चढून बसतो. तुम्ही सबटायटल्स लावून बघता याला आम्ही हसायचो, आता मीही लावते. १९८२ मध्ये डॉक्टरचा तरुण सोबती ॲड्रिक मेला तेव्हा शेवटची नामावली पूर्ण शांततेत सरकली होती, एक सूर नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते. तुम्ही टीव्ही बंद केलात आणि कोणी काही बोललंच नाही. ते तसं आता कोणी करेल असं वाटत नाही.

पण ‘रडारड’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. त्यावर मला भांडायचंच आहे, आणि यात आई, तूसुद्धा आहेस. आपला काय संबंध म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस.

बाबांच्या डॉक्टरबरोबर ज्या मुली जायच्या, त्यांच्या घरी कोण होतं? आठवून बघा. सॅरा जेन किती वर्षं फिरली, पण ‘कुठे होतीस गं?’ असं विचारणारं कोणी दिसलं का? टीगनची ती आंटी पहिल्याच गोष्टीत मारली गेली (मावशी की आत्या, इंग्रजीत पत्ता लागत नाही), आणि पोरीला धड रडायलाही वेळ दिला नाही. तुम्ही म्हणाल, इयन आणि बार्बरा! मला माहीत होतं तुम्ही म्हणाल. त्या दोघा शिक्षकांना घरची ओढ होती, खरंय, आणि दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, ते लंडनला परतलेही. कबुतरांबरोबर फोटो काढले, बसमध्ये बसले. पण दार कोणी उघडलं? ते कुठे दाखवलंय?

१९७६ मध्ये सॅरा जेनला डॉक्टर उतरवून देतो तो प्रसंग मी परवा पुन्हा पाहिला. हातात सुटकेस, बगलेत टेनिसची रॅकेट, भुसा भरलेलं घुबड, एक कुंडी. तो म्हणतो, हे लंडनचं क्रॉयडन, तुझं घर. निघून जातो. ती इकडेतिकडे बघते आणि लक्षात येतं की रस्ता भलताच आहे. तरी ती हसते आणि चालू लागते. बाबा, तुमच्या मते हा मालिकेतला सगळ्यात सुंदर निरोप. सुंदर आहेच. पण घुबड आणि कुंडी घेऊन ती घरी कशी गेली, हे विचारायला पुढे तीस वर्षं लागली. २००६ मध्ये सॅरा जेन (तीच एलिझाबेथ स्लेडन) परत आली आणि तिने डॉक्टरला तोंडावर सांगितलं, की ते क्रॉयडन नव्हतंच. ॲबर्डीन होतं! स्कॉटलंड! आणि वर म्हणाली, मी वाट बघत बसले होते. तुमच्या लेखी ही रडारड. मला तर वाटतं, जुन्या गोष्टीचा राहिलेला भाग तो हाच.

आता आई, तुझं. नव्या मालिकेतली पहिली मुलगी रोझ. डॉक्टर तिला बारा तासांत घरी आणतो म्हणून सांगतो आणि आणतो बारा महिन्यांनी. तोवर तिच्या आईने, जॅकीने, लेक हरवल्याचे कागद गावभर लावलेले. पोलीस घरात बसलेत. आणि जॅकी काय करते? डॉक्टरच्या थोबाडीत देते. तो म्हणतो, नऊशे वर्षांत कोणाच्या आईने मला मारलं नव्हतं. हे पाहताना मी इतकी हसले, आणि मग आठवलं, की मी कार्डिफला आले त्या पहिल्या महिन्यात चार रविवार फोन केला नव्हता. तू काही बोलली नाहीस. शेजारणीकडून कार्डिफमधल्या कोणाचातरी नंबर मात्र मिळवलास.

पुढे डॉक्टरबरोबर फिरणाऱ्या डोनाचे आजोबा, विल्फ. बाबा, त्यांना तरी नावं ठेवू नका. बर्नार्ड क्रिबिन्सने केलेत. टेकाडावर दुर्बीण लावून बसतात, नात वर कुठे दिसते का बघायला. आणि डेव्हिड टेनंटने केलेला डॉक्टर शेवटी मरतो तो कोणासाठी? विश्व वाचवून झाल्यावर, काचेच्या खोलीत अडकलेल्या या एका म्हाताऱ्यासाठी. आधी चिडतो, थयथयाट करतो, आणि मग दार उघडून आत जातो.

वेग वाढलाय हे मात्र खरं. २०२३ मध्ये डॉक्टरच्या जुन्या वैऱ्यांची, डॅलेकांची, पहिली गोष्ट रंगवून आणली, सात भागांची पंचाहत्तर मिनिटं केली. मीराला आवडली. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, कारण मधला आठवडा कुठेच नव्हता. तुमच्याबरोबर १९७९ मध्ये पॅरिसची गोष्ट बघताना शनिवार ते शनिवार आपण काय काय तर्क लढवायचो! तेव्हा समोरच्या चॅनलवर संप होता, म्हणून शेवटच्या भागाला दीड कोटीहून जास्त लोक बसले होते, हे मला फार नंतर कळलं. मला वाटायचं आपण दोघंच बघतोय.

त्या गोष्टीची तुम्ही टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली कॅसेट माझ्याकडे निघाली. साठच्या दशकातल्या नव्वदहून अधिक भागांचं चित्र आज हरवलंय, पण प्रेक्षकांनी असेच घरोघरी टेप केले म्हणून त्या सगळ्यांचा आवाज तरी उरलाय. तुमच्या कॅसेटचा तसा कोणाला उपयोग नाही, टॉम बेकर डॉक्टर होता तेव्हाचे भाग शाबूत आहेत. तरी मी ती दोनदा ऐकली. डॉक्टर पॅरिसमध्ये काहीतरी भारी बोलतोय आणि मागून आईचा आवाज येतो, “अहो, ताटं वाढलीत, तिलाही घेऊन या.” मग तुमचं “श्श!” मग पुन्हा आई, जरा वरच्या पट्टीत.

पुढच्या शनिवारी येतेय, मीराला घेऊन. बाबा, चार भागांची एक गोष्ट काढून ठेवा. रोज एकच भाग बघायचा, कितीही हट्ट केला तरी. आई, तू विणलेला तो लांबलचक मफलर आणतेय, एका टोकाला कसर लागलीय, तपकिरी लोकर असेल तर शोधून ठेव. दुपारी बारापर्यंत पोचू. उशीर झालाच तर मीराला काही बोलू नकोस, गाडी मी चालवणार आहे.

तुमची,
मनू


ता. क. थोबाडीत मारायची असेल तर जेवण झाल्यावर.