पेन्सिल पॅकिंगच्या जाहिराती आणि बचत गटातले कर्ज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करा, महिना ३०,००० कमवा, १५,००० ॲडव्हान्स.' ही जाहिरात आमच्या भागातल्या बहुतेक बायकांनी मोबाईलवर पाहिली आहे. मी उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून बचत गटांचे काम पाहते. या नोकरीची फी भरायला गटातून अंतर्गत कर्ज उचलल्याची प्रकरणे माझ्यासमोर आली आहेत. रजिस्टरमध्ये कारण 'दवाखाना' असे लिहिलेले असते. काम आलेच नाही, पण कर्जाचे हप्ते चालू आहेत.

जाहिरातीखालच्या नंबरवर मेसेज केला की आधी आधार कार्ड आणि फोटो मागतात. तासाभरात ओळखपत्र येते. एका ताईने मला तिचे दाखवले. तिचाच फोटो, तिचे नाव, खाली 'पॅकिंग स्टाफ', कोपऱ्यात ओळखीच्या पेन्सिलचा लोगो, मॅनेजरची सही आणि गोल शिक्का. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या नावाने कुणी कामाचे ओळखपत्र दिले होते. ते खोटे आहे हे पटायला तिला दोन-तीन दिवस लागले, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. नोंदणी फी असते सहाशे-सातशे रुपये, म्हणजे नवऱ्याला न विचारता देता येईल एवढीच. ती भरली की खोक्यांनी भरलेल्या टेम्पोचा फोटो येतो आणि फोनवर सांगतात, 'मॅडम, आपकी गाडी निकल चुकी है.' मग गाडी अडते. कधी कुरिअर चार्ज, कधी जीएसटी, कधी गेटपास. प्रत्येक रक्कम 'रिफंडेबल', माल उतरवला की ॲडव्हान्सबरोबर परत मिळणार. पैसे द्यायचे थांबवले की भाषा बदलते: करार मोडलात, कोर्टाची नोटीस येईल, पोलीस घरी येतील. या धमकीला घाबरून पुन्हा पैसे भरणाऱ्या बायका आहेत. नोकरीचा करार मोडला म्हणून पोलीस कुणाला पकडून नेत नाहीत, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलेच नसते.

हिशेब करून पाहावा. रोज शंभर पाकिटे भरली तर महिन्याची झाली तीन हजार. त्याचे ३०,००० रुपये म्हणजे दहा पेन्सिलींच्या एका पाकिटामागे दहा रुपये मजुरी. दुकानात पाच रुपयांना मिळणारी पेन्सिल नुसती खोक्यात ठेवायला कोणता कारखानदार एक रुपया देईल? नटराज आणि अप्सरा पेन्सिली बनवणाऱ्या हिंदुस्तान पेन्सिल्सने आपण अशी घरबसल्या कामे देत नाही, असे जाहीर केलेले आहे. पण कंपनीचा खुलासा किती गावांत पोचतो? जाहिरात मात्र रोज पोचते.

घरबसल्या काम आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या बायका घरी विड्या वळतात. त्यांना विचारा. पाने आणि तंबाखू आणायला स्वतः कारखान्यात जावे लागते, वळलेल्या विड्या तिथे मोजून द्याव्या लागतात, छाट, म्हणजे नापास विड्या निघाल्या तर तेवढे पैसे जातात. मजुरी थोडी, कष्ट फार. लिज्जतच्या भगिनीही पीठ केंद्रावरून नेतात आणि लाटलेले पापड तिथेच जमा करतात. खऱ्या घरबसल्या कामाला जाता येईल असे एक ठिकाण असते, तिथे तोंडओळखीचा माणूस असतो आणि मजुरी नगावर ठरते. काम द्यायच्या आधी कामगाराकडूनच पैसे मागणारा माणूस नोकरी देत नसतो, मग नोकरी पॅकिंगची असो, डेटा एंट्रीची असो की रेल्वेची.

पैसे गेलेच असतील तर १९३० या सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचे नाव जवळ ठेवावे. समोरच्याने खात्यातून पैसे काढायच्या आत तक्रार पोचली तर ते तिथेच रोखता येतात, म्हणून उद्यावर टाकू नये. चॅट पुसून टाकू नये, तोच पुरावा असतो. आधार पाठवले असेल तर संचार साथी या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहता येते, अनोळखी असेल तर तिथेच कळवता येते. रक्कम लहान आहे म्हणून बायका तक्रार करत नाहीत, आणि पोलीस ठाण्यातही 'एवढ्याशा पैशासाठी?' असे कुणी म्हणू नये ही माझी हात जोडून विनंती आहे. तोच नंबर आणि तेच खाते शंभर जणींच्या तक्रारीत आले, तरच तो माणूस सापडेल.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो घरातल्या बोलण्याचा. 'कुणी सांगितले होते मोबाईल घ्यायला?' हे वाक्य मी फार घरांत ऐकले आहे. त्यामुळे पुढची बाई गप्प बसते आणि तक्रारीची वेळ निघून जाते. तिने काम मागितले होते, तेही घर, जनावरे आणि पोरे सांभाळून करता येईल असे. यात तिचा कसलाही दोष नाही. दोष फसवणाऱ्याचा आहे, आणि अशा जाहिराती पैसे घेऊन दाखवणाऱ्यांचाही आहे.

इथे संपादक महोदय, आपल्यालाही एक सांगायचे आहे. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत 'घरबसल्या काम, फक्त मोबाईल नंबर' असा मजकूर अजूनही येतो. खाली 'वाचकांनी खातरजमा करावी' अशी ओळ असते. खेड्यातली बाई ती खातरजमा कुठे करणार? पेपरात आले म्हणजे खरे, असे आमच्याकडे आजही मानतात. नोकरीची जाहिरात घेताना कंपनीचे नाव, पूर्ण पत्ता आणि नोंदणीचा कागद मागावा, नसेल तर ती छापू नये. आणि १९३० हा नंबर त्या पानावर रोज ठळक चौकटीत द्यावा. बैठकीत दाखवायला ते कात्रण मी जपून ठेवीन.

आपली वाचक,
बचत गटाची एक सीआरपी, जि. सोलापूर