तक्रार पत्र: दोष एसएमपीएसचा, अंदाजपत्रक मदरबोर्डचे

रामबाग, इंदूर
१४ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे

विषय: वॉरंटीतील डेस्कटॉप सुरू न होणे व सर्व्हिस सेंटरचे चुकीचे निदान

महोदय,

आमच्या कार्यालयातील आपल्या कंपनीचा डेस्कटॉप अजून वॉरंटीत आहे. बटण दाबले की पंखे सेकंदभर फिरतात, मशीन बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप तेच पुन्हा सुरू होते. स्क्रीन काळीच राहते, बीपही येत नाही. येथील सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाने मदरबोर्ड जळाल्याचे सांगितले. जॉबशीटवर ‘व्होल्टेज खालीवर’ असे कारण लिहून वॉरंटी नाकारली आणि नव्या बोर्डाचे अंदाजपत्रक दिले. हे निदान आम्हाला मान्य नाही. दोष एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात आहे.

तंत्रज्ञाने रॅम काढून खोडरबराने घासली (हा विधी सगळेच करतात, बिघाड कुठलाही असो). मग एसएमपीएसच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली, म्हणजे तो बोर्डाविनाच सुरू होतो. एसएमपीएसचा पंखा फिरला आणि तेवढ्यावर एसएमपीएस निर्दोष ठरला. या चाचणीत त्याच्यावर जवळपास काहीच भार नसतो. रिकामी बैलगाडी चढ चढली म्हणजे भरलेलीही चढेल असे नाही.

आम्ही ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क आणि यूएसबीची सगळी उपकरणे काढली, रॅमची एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवली. कॅबिनेटचे बटण अडकते का हे पाहण्यासाठी बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या, लक्षण तेच. बोर्डावरचा सेल ३.०२ व्होल्ट दाखवतो. जांभळ्या वायरवर स्टँडबायचे, म्हणजे मशीन बंद असतानाही येणारे, ५.०४ व्होल्ट येतात.

यानंतर प्रोसेसरच्या ८ पिनांच्या कनेक्टरवर, तो बोर्डाला जोडलेला असतानाच, मागच्या बाजूने प्रोब घालून मोजले. मल्टीमीटर किमान मूल्य धरून ठेवणाऱ्या मोडवर हवा, नाहीतर सेकंदभरात काहीच हाती लागत नाही. तारेने सुरू केल्यावर १२ व्होल्टची लाइन भाराविना १२.०८ दाखवते, बोर्ड सुरू होताच ती १०.६ वर कोसळते. डेस्कटॉपच्या एसएमपीएसला लागू असलेल्या एटीएक्स मानकानुसार इथे ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ च्या खाली जाणे चालत नाही. पुरवठा घसरला की राखाडी वायरवरचा ‘पॉवर गुड’ (पुरवठा ठीक असल्याचा) संकेत जातो आणि बोर्ड थांबतो. पंखे फिरून बंद पडण्याचा खुलासा त्यातच आहे. जाळीतून टॉर्चने पाहिले तर आतले दोन कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग) वरून फुगलेले दिसतात. सील आम्ही तोडलेले नाही.

शेवटी तेवढ्याच, ४५० वॉटच्या दुसऱ्या एसएमपीएसवर तोच बोर्ड, तोच प्रोसेसर आणि तीच रॅम लावली. मशीन पहिल्याच बटणाला सुरू झाले आणि मेमरी चाचणी रात्रभर एकाही त्रुटीविना चालली. जळालेला बोर्ड असा चालत नाही.

राहिला प्रश्न विजेचा. पावसाळ्याआधीच्या वादळात इंदूरची वीज काय खेळ करते हे आम्हालाही ठाऊक आहे, पण हे मशीन यूपीएसवर आहे आणि त्याच यूपीएसवरचा दुसरा संगणक व्यवस्थित चालतो. शिवाय जोराचा झटका बसला असता तर बहुधा आधी एसएमपीएसचा आतला फ्यूज उडाला असता आणि स्टँडबायचे ५ व्होल्टही आले नसते. फुगलेले कपॅसिटर उष्णतेकडे किंवा हलक्या प्रतीच्या मालाकडे बोट दाखवतात, आणि माल आपला आहे.

आमच्या मागण्या अशा:

१. एसएमपीएस वॉरंटीत विनाशुल्क बदलून मिळावा.
२. ‘मदरबोर्ड जळाला’ ही जॉबशीटवरील नोंद दुरुस्त करून लेखी द्यावी. ती राहिली तर पुढच्या प्रत्येक तक्रारीत तीच पुढे केली जाईल.
३. तपासणी शुल्क परत मिळावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार इंदूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तक्रारदार राहतो तेथे दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे.

जुना एसएमपीएस न उघडता ठेवला आहे. आपल्या माणसाने तो भार देऊन आमच्यासमोर मोजावा. त्याच्याकडे मल्टीमीटर नसेल तर आमचा वापरता येईल.

आपले विश्वासू,
कार्यालय व्यवस्थापक

सोबत: बिलाची व जॉबशीटची प्रत, मोजमापांची छायाचित्रे