बीपी मोजण्याआधी दंड मोजा

संपादक महोदय,

जाडजूड दंडाला बीपी मशिनचा नेहमीचाच पट्टा ओढूनताणून गुंडाळायचा आणि वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला की गोळी वाढवायची, हे अनेक दवाखान्यांत सर्रास चालते. पट्ट्यातली रबरी पिशवी आखूड पडली की दाब दंडाभोवती सगळीकडून सारखा बसत नाही. मग धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि तो जादा दाब पेशंटच्या नावावर चढतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हा फरक प्रसिद्ध केला. लार्ज पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावल्यावर वरचा दाब सरासरी ५, तर एक्स्ट्रा लार्ज लागणाऱ्यांत सुमारे २० अंकांनी जास्त आला. वीस अंकांवर माणूस कायमचा बीपीचा पेशंट ठरू शकतो!

उपाय म्हणजे शिंप्याकडची टेप. खांद्याचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या मधोमध दंडाचा घेर घ्यावा. पिशवीची लांबी घेराच्या निदान ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. साधारणपणे २७ ते ३४ सेंटिमीटरला नेहमीचा, ३५ ते ४४ला लार्ज, त्यापुढे ५२पर्यंत एक्स्ट्रा लार्ज. डिजिटल मशिनला मात्र पट्ट्यावर छापलेला घेरच प्रमाण मानावा आणि दुसऱ्या कंपनीचा पट्टा जोडू नये. घरी मशिन घेणाऱ्यांनीही हा छापलेला घेर आधी वाचावा. सोबतचा पट्टा बऱ्याचदा ३२ सेंटिमीटरपर्यंतच पुरतो.

खरी पंचाईत होते ती वर रुंद आणि कोपराकडे निमुळत्या दंडाची. पट्टा खालून सैल राहतो, फुगताना घसरतो. अशा दंडासाठी निमुळते पट्टे मिळतात. दंड आखूड असून मोठा पट्टा कोपरावर येत असेल, तर मनगटाजवळ मोजता येते. पण तेव्हा मनगट हृदयाच्या पातळीवर टेकवलेले हवे. हा आकडा दंडावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून कुठे मोजले ते लिहावे.

घट्ट ब्लाऊजची बाही वर सरकवली की तीच दंड आवळते. बाही काढावी, तेवढा आडोसा प्रत्येक दवाखान्यात हवाच. बाकी नियम सगळ्यांना सारखेच: पाच मिनिटे शांत बसणे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलणे बंद, मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजणी.

डॉक्टरांना विनंती, की केस पेपरवर बीपीशेजारी दंडाचा घेर आणि पट्ट्याचा साइझ लिहावा, आणि योग्य पट्ट्याने पुन्हा मोजल्याशिवाय डोस वाढवू नये. पेशंटनी हे वाचून चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पुढच्या खेपेला आधी दंड मोजायला सांगावे.

– एक फिजिशियन, सातारा