वहाळावर हटकल्याबद्दल, अण्णांना

तीर्थस्वरूप अण्णा,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही सुपारीच्या भावावर घसरता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

मे महिन्यात मागच्या वहाळावर तुम्ही ओरडलात, "मेल्या, थांब!" माझ्या हातात २ लिटरची बाटली होती. विहिरीच्या पंपासाठी घरीच सर्किट बोर्ड करताना त्यावरचं नको असलेलं तांबं विरघळवायला वर्षभर वापरलेलं, काळपट हिरवं पडलेलं फेरिक क्लोराइड. पाऊस लागला की जाईल वाहून, असा माझा हिशेब. (त्याआधी एकदा मोरीत ओतलं होतं. ते पिवळे डाग अजून आहेत.) तुम्हाला ते रसायन ठाऊक नव्हतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "यात तांबं किती विरघळलंय? आणि वहाळ जातो कुठे? खाडीतच ना? तुझी आई तिसऱ्या कुठून आणते?"

मी डिग्रीवाला, आणि तांब्याचा धाक मला बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं औषध, फवारणाऱ्याने घातला! तुमचा बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (त्यात तांबंच असतं), १ किलो चुना. लोखंडी सुरी बुडवायची, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तीच सुरी तुम्ही माझ्या बाटलीत बुडवलीत. लालेलाल निघाली.

मग तुमच्या पडवीत दोन दिवस खटाटोप. प्लास्टिकची बादली, कारण धातूची त्याने खाल्ली असती. हातमोजे, चष्मा. पाणी घालून पातळ केलं आणि धुण्याचा सोडा चमच्याचमच्याने टाकला. एकदा घाई केली तर फेस काठावर आला, तेव्हा तुम्ही दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही. फेस थांबेपर्यंत, आम्लता दाखवणारी पीएच पट्टी ८ च्या आसपास येईपर्यंत सोडा घातला. लोखंड आणि तांबं गाळ होऊन खाली बसलं. वरच्या निवळीत घासलेली सुरी धरली, ती तशीच पांढरी राहिली. तरी ते खारट पाणी माडांना घातलं नाही, पसरट ट्रेमध्ये उन्हात आटवलं.

गाळ नाव लिहिलेल्या बरणीत बंद आहे. लोट्याच्या कारखान्यातला तुमचा पुतण्या साहेबांना विचारून तो त्यांच्या घातक कचऱ्याबरोबर तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवणार आहे. त्यालाही माझा नमस्कार सांगा.

एक राहिलं. ती सुरी काकूंच्या स्वयंपाकघरातली होती. पातं पार खडबडीत झालंय. नवी घेऊन येतोच, तोवर तुम्हीच काहीतरी सांगा.

तुमचा,
शेजारचा उपद्व्यापी